विषय: गुहागरच्या घराचा डेक आणि कुंपण, पुण्यातून काय नेऊ?

सायली:
नमस्कार मंडळी, सध्या कोथरूडला आईबाबांकडे आहे, शनिवारी गुहागरला निघतोय. तिथल्या सागवानी डेकचे स्क्रू गंजून फळ्यांवर काळे ओघळ आलेत आणि कुंपणाचे दोन लाकडी खांब हात लावला की डुलतात. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सगळं उखडून डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्या) टाका. फळ्या मला तरी ठणठणीत वाटतात. मकरंद काका, तुमचं काय मत?

मकरंद:
सायली, फळ्या अजिबात काढू नकोस. सागातलं टॅनिन आणि लोखंडाचा गंज एकत्र आले की तसा काळा डाग पडतो, त्याचा अर्थ लाकूड कुजलं असा नाही. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पाण्याने तो निघतो, हातमोजे घाल आणि नंतर भरपूर पाण्याने धू. डब्ल्यूपीसी वाईट नाही, पण वरच्या फळ्या बदलल्या तरी खालचा सांगाडा आणि स्क्रू तेच राहिले तर पैसे गेलेच म्हणून समज.

खरा खर्च स्क्रूवर कर. बोहरी आळीत नुसतं "एसएस द्या" म्हटलंस तर बहुतेक 304 ग्रेडचं स्टेनलेस स्टील मिळेल, ते पुण्यात बाल्कनीला उत्तम, समुद्राजवळ तांबूस डाग धरतं. 316 माग, त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं म्हणून खारट हवेला ते जास्त दाद देत नाही. नुसतं बघून किंवा लोहचुंबक लावून 304 आणि 316 मधला फरक कळत नाही, त्यामुळे बिलावर ग्रेड लिहून घेच. इंचभर जाडीच्या फळीला अडीच इंची स्क्रू, आणि ब्रॅकेटही स्टेनलेसचेच, कारण जस्ताचा मुलामा असलेल्या पट्टीत स्टेनलेस स्क्रू मारला की खाऱ्या ओलाव्यात आधी जस्त झिजतं.

खांबाला जमिनीलगत स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघ, सहज आत शिरलं तर खांब गेला. कूज तिथेच धरते, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथे मिळतात. नवा खांब थेट काँक्रीटमध्ये गाडू नकोस, बुडाशी पाणी साचतं, धातूच्या बुटावर (खांबाखाली बसवायची बैठक) जमिनीपासून थोडा वर उभा कर आणि कापलेल्या टोकांना प्रिझर्व्हेटिव्ह भरपूर पाज, लाकूड टोकाकडूनच सगळ्यात जास्त पाणी पितं. पुण्यात वर्षाला 700-750 मिमी पाऊस, कोकण किनाऱ्यावर 3000 च्या आसपास, त्यामुळे बाणेरच्या टेरेसवर टिकलेलं काम तिकडे टिकेलच असं नाही.

आणि हे सगळ्यात आधी बघ, डेक घराच्या भिंतीला कशावर धरलाय? अमेरिकेत डेक कोसळतात त्यात भिंतीलगतची, डेकची कड पेलणारी पट्टी नुसत्या खिळ्यांवर असणं हे नेहमीचं कारण आहे. तुमची भिंत जांभ्याची असेल तर चिरा मऊ, त्यातल्या अँकर बोल्टवर मी माणसांचं वजन टाकणार नाही, त्या बाजूलाही स्वतंत्र खांब दे. कितीही दिवस लागोत, हे झाल्याशिवाय मुलांना वर नाचू देऊ नका.

प्रज्ञा (हॅलिफॅक्स, कॅनडा):
काकांचं सगळं पटलं. एकच भर, प्रेशर ट्रीटेड (दाबाखाली औषध मुरवलेलं) लाकूड घेणार असाल तर त्यात काय मुरवलंय ते विचारा. इकडे 2003 च्या अखेरीस घरगुती वापरासाठी आर्सेनिकवालं बंद झालं आणि जास्त तांब्याचं आलं, ते साध्या खिळ्यांना फार लवकर खातं. आणि समुद्रालगत छपराखालचं लोखंड उघड्यावरच्यापेक्षा आधी गंजतं, कारण पाऊस तिथलं मीठ धूत नाही. तुमच्याकडे तर नोव्हेंबर ते मे पाऊसच जवळपास नसतो, म्हणून डेकची खालची बाजू आणि ब्रॅकेट अधूनमधून गोड्या पाण्याने धुवायला सांगा, केअरटेकर असेल तर त्याला कामच लावून द्या.

सायली:
खूप आभार दोघांचे! बाबांनी सुताराला फोन लावला, पट्टी खिळ्यांवरच आहे म्हणे. तर शनिवारी आधी खांबांची मापं घेऊन येतो, भवानी पेठेतून लाकूड मग. काका, सागच घेऊ की ऐनाचं लाकूड चालेल?

मकरंद:
खांबांना ऐन चालेल, पण नीट वाळलेला बघून घे, ओला असला तर तडकतो. वरच्या फळ्या आहेत त्याच ठेव.