टोरंटो विद्यापीठात प्रवेश: गावाकडून एक प्रश्न

प्रेषक: घाटंजीवाला (सध्या गावी)
प्रति: मराठी मंडळाची ईमेल यादी

नमस्कार मंडळी,

घाटंजी तालुक्यातून लिहितोय, रेंज येते-जाते, त्यामुळे उत्तराला उशीर झाला तर समजून घ्या. सोयाबीन निघालं, परवा शेतात सीतादहीची पूजा झाली, आता कापसाचा पहिला वेचा सुरू आहे. पण घरात पिकाऐवजी एकच विषय चालू आहे तो पुतणीचा. बारावी सायन्स, तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात. गणितात खरोखर हुशार. फोनवरच पायथॉन शिकली आणि गावातल्या दुकानदाराला उधारीचा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्राम करून दिला. तिला टोरंटो विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स करायचंय.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका एजंटाने भावाला लॅमिनेट केलेला कागद दिलाय. त्यावर "जगातल्या पहिल्या ३० मध्ये" आणि त्याखाली "प्रवेश ४३ टक्के". म्हणजे जवळपास दोघांत एकाला मिळतो, असं त्याने समजावलं. भाऊ म्हणतो, "ओलिताचं वावर गेलं तं गेलं, पण पोरीले टोरंटोलेच धाडतो." एजंटाला पहिला हप्ता पुढच्या आठवड्यात द्यायचाय. तुमच्यापैकी कुणाची मुलं तिथे शिकली असतील, कुणी तिथे काम करत असेल, तर खरं काय ते सांगा.

---

प्रेषक: मिसिसागाची ताई

दादा,

आधी भावाला सांगा, सातबाऱ्याला हात लावायचा नाही आणि हप्ताही द्यायचा नाही. बाकीचं सावकाश वाचा.

तो ४३ टक्क्यांचा आकडा मीही बऱ्याच वेबसाइटवर पाहिलाय. पुतणीला त्याचा काहीही उपयोग नाही. या विद्यापीठाचे तीन कॅम्पस आहेत: डाउनटाउनचा सेंट जॉर्ज, स्कारबरो आणि मिसिसागा. सगळे मिळून ९०,००० हून जास्त विद्यार्थी. प्रवेश विद्यापीठाला मिळत नाही, कॅम्पस आणि शाखा यांच्या जोडीला मिळतो. सेंट जॉर्जला कॉम्प्युटर सायन्स, रॉटमन कॉमर्स (वाणिज्य शाखेची पदवी) आणि इंजिनिअरिंग यांना गुणपत्रिकेशिवाय वेगळा अर्ज लागतो. इंजिनिअरिंगला तर वेळ लावून कॅमेऱ्यासमोर उत्तरं द्यावी लागतात. या जागांसाठी जगभरातून अव्वल मुलं रांगेत असतात. इतर काही विषयांना प्रवेश त्या मानाने सोपा. सगळ्यांची सरासरी काढून कागदावर छापली की ती कुणाच्याच कामाची राहत नाही.

एजंट पुढे म्हणेल, "आधी कुठल्याही विषयाला घुसू, मग बदलून घेऊ." यावर विश्वास ठेवू नका. सेंट जॉर्जला कॉम्प्युटर सायन्सची जागा मागाहून मिळणं फार कठीण आहे. आणि आत गेल्यावरही चाळणी थांबत नाही. पहिल्या वर्षाचे काही तास कॉन्व्होकेशन हॉलमध्ये होतात, तिथे एका वेळी दीड हजारांवर मुलं बसू शकतात. अनेक विषयांत पहिल्या वर्षाचे गुण ठरलेल्या रेषेवर असतील तरच हवा तो मेजर, म्हणजे मुख्य विषय, मिळतो. शाळेत कायम पहिली आलेली मुलं इथे पहिल्या सेमिस्टरला रडताना मी पाहिली आहेत. त्यांच्यात बुद्धी कमी नव्हती, पण हे असं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून एवढं लिहितेय.

नाव मोठं आहे, त्यात शंका नाही. १९२१ मध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनवर काम केलं ते इथेच. २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले जेफ्री हिंटन इथलेच, आणि आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा मोठा पाया त्यांच्या गटाने इथे घातला. पण ही कीर्ती संशोधनाची आहे. क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत ३० टक्के वजन जगभरच्या प्राध्यापकांच्या मताला आहे. शांघायच्या अशाच दुसऱ्या यादीत नोबेल पारितोषिकं आणि शोधनिबंध मोजतात. पहिल्या वर्षाच्या मुलीला वर्गात कसं शिकवतात, ते या याद्या मोजत नाहीत.

आता पैसा. परदेशी विद्यार्थ्याला सेंट जॉर्जची फी वर्षाला ६०,००० कॅनेडियन डॉलरच्या वर, म्हणजे ३५ लाखांच्या पुढे. राहणं-खाणं धरून चार वर्षांचा हिशेब दोन कोटींच्या आसपास जातो. ओलिताचं वावर विकून पहिलं वर्षही नीट निघणार नाही. शिवाय २०२४ पासून कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आहे.

एक रस्ता खरा आहे: याच विद्यापीठाची लेस्टर पिअरसन शिष्यवृत्ती. फी, पुस्तकं आणि वसतिगृह, चारही वर्षं. पण जगभरातून वर्षाला साधारण ३७ मुलं, आणि शाळेने स्वतः नाव सुचवावं लागतं, एका शाळेतून एकच. नामांकन दिवाळीच्या सुमारासच आटपतं. प्राचार्यांना उद्याच भेटा.

---

प्रेषक: पुसदचा, सध्या स्कारबरो

ताईंचं पदवीबद्दलचं सगळं पटलं, पण दार तिथेच बंद होत नाही. मी स्वतः अमरावती विद्यापीठाची गुणपत्रिका घेऊन इथे आलो, पीएच.डी.ला. तिथे निवड विभाग करतो. माझ्या मुलाखतीत कॉलेज कुठल्या गावचं हे कुणी विचारलं नाही, एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी नेमकं काय केलं, त्यावरच सगळा वेळ गेला. आणि २०१८ पासून पीएच.डी.च्या बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना कॅनडातल्या मुलांइतकीच फी आहे, वर विभागाकडून निधी मिळतो. वावर विकायची वेळ येत नाही.

क्रमवारी निरुपयोगी आहे असंही मी म्हणणार नाही. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी मिळते, आणि त्यासाठी विद्यापीठ क्यूएसच्या यादीत ठराविक क्रमांकाच्या आत असावं लागतं. तिथे टोरंटोचा क्रमांक थेट कामाला येतो. दादा, तुमच्या घरी ती लागू असो वा नसो, गावात ज्यांना लागू आहे त्यांना आजच सांगा. आपल्या भागातल्या किती मुलांपर्यंत ही माहितीच पोचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पुतणीला म्हणावं, जेईई मनापासून दे. नागपूरचं व्हीएनआयटी मिळालं तर बी.टेक. तिथे कर, आणि दुसऱ्या वर्षापासून एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली संशोधनाचं काम माग.

---

प्रेषक: घाटंजीवाला

ताई, पुसदकर,

दोघांच्या मेल रात्री भावाला वाचून दाखवल्या. दोन कोटींचा आकडा ऐकून त्याने तो परत एकदा वाचायला लावला. आज सकाळी एजंटाला फोन करून हप्ता देणार नाही म्हणून सांगितलं. शाहू महाराज शिष्यवृत्तीची माहिती बौद्धपुऱ्यातल्या बी.एस्सी.च्या एका मुलाला दिली, त्याला हे काहीच माहीत नव्हतं. तो पुसदकरांना लिहील.

पुतणी जेईईचा अर्ज भरतेय. प्राचार्य पिअरसनचं नाव पहिल्यांदाच ऐकत होते, पण नामांकन करायला आनंदाने तयार झाले. पत्र इंग्रजीत लिहायचंय आणि त्यात उधारीच्या प्रोग्रामबद्दल लिहावं की फक्त गुणांबद्दल, हे त्यांनी विचारलंय.

---

प्रेषक: मिसिसागाची ताई

प्रोग्रामबद्दल आधी लिहा. दुकानदाराची अडचण काय होती, तिने काय केलं, आता तो ते वापरतो का, हे सविस्तर. गुण गुणपत्रिकेत दिसतीलच. मसुदा मला पाठवा, आज रात्रीच बघते.