चुनखडीच्या काळ्या रानात गाजर-मुळ्यात शिसं उतरतं का?

दुधनाकाठ
राम राम मंडळी. रान काळं, खाली चुनखडी. माती परीक्षणात सामू (pH) ८.२, सेंद्रिय कर्ब ०.४ टक्के, जस्त कमी. वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं गाळायची भट्टी होती, आता बंद आहे. पावसाळ्यात तिकडचा ओघळ बांध फोडून रानात शिरतो. घरच्यापुरतं गाजर, मुळा लावायचंय. घरात तीन वर्षांची नात आहे. एका व्हिडिओत ऐकलं, चुना टाकला की जड धातू मातीतच अडकतात. टाकू का? माती परीक्षणाच्या पत्रिकेत शिशाचं नावच नाही.

हळदीचं_रान
काळ्या मातीला काही होत नाही दादा. बिनधास्त लावा.

मातीपरीक्षक_परभणी
दादा, चुना अजिबात टाकू नका. तो सल्ला कोकणातल्या आंबट जांभ्या मातीचा. सामू ६ च्या खाली गेला की कॅडमियम (शिशासारखाच एक जड धातू) मातीतून सुटतं आणि मुळं ते ओढतात, तिथे चुना कामाचा. तुमच्याकडे चुनखडी आधीच आहे. वरून चुना घातला तर जस्त आणखी अडकेल, आणि जस्त कमी पडलं की पीक कॅडमियम जास्त उचलतं. त्यापेक्षा झिंक सल्फेट आणि भरपूर कुजलेलं शेणखत द्या.

पण 'बिनधास्त' हेही मला पटत नाही. काळी चिकण माती शिसं घट्ट धरते हे खरं, पण तीच माती गाजराला चिकटून घरात येते. आपल्या भारी रानात गाजर फाटे फोडतं. त्या बेचक्यात, तंतुमुळांत काळा गारा बसतो आणि नुसत्या पाण्याने निघत नाही. शिवाय बॅटरीच्या शिशात बऱ्याचदा थोडं अर्सेनिकही असतं, आणि ते उलट तुमच्यासारख्या विम्ल (जास्त सामूच्या) मातीतच जास्त मोकळं होतं.

पत्रिकेवर बारा गोष्टी असतात, त्यात शिसं, कॅडमियम नाही. ती तपासणी वेगळी मागावी लागते. ओघळाच्या तोंडाचा नमुना आणि रानाच्या मधला नमुना वेगळे द्या, एकत्र कालवू नका. वरच्या वितीतलीच माती घ्या, शिसं खाली फारसं उतरत नाही.

दुधनाकाठ
मुळ्याचा पाला पण खातो आम्ही. तो चालेल का?

मातीपरीक्षक_परभणी
अहवाल येईपर्यंत नको. कॅडमियम पाल्यात कंदापेक्षा जास्त साठतं, आणि त्याच्या लवेवर धूळ बसते ती वेगळीच. लहान लेकराच्या मेंदूला शिसं थोडंही बाधतं. या हंगामात ओघळापासून लांबच्या तुकड्यात भेंडी किंवा वांगी लावा, फळात धातू सगळ्यात कमी पोचतात. गाजर हवंच असेल तर जुन्या गोण्यांत दुसरीकडची माती भरून लावा. आणि पोरीला त्या ओघळाकडे खेळू देऊ नका, हात तोंडात जातात त्यांचे.

दुधनाकाठ
बरं. आधी ओघळाला चर मारून पाणी बाहेर काढतो, मग नमुने देतो. आकडे आले की इथेच टाकतो.