हमीपेक्षा नफ्याचं गाजर बरं

कुणीतरी म्हटलंय की स्टार्टअपमध्ये बुडणाऱ्या पैशाची सरकारने हमी दिली की एंजलवाले (नव्या कंपन्यांत स्वतःचा पैसा घालणारे) आणि व्हीसी (व्हेंचर कॅपिटलवाले, म्हणजे इतरांचा पैसा फंडात गोळा करून अशा कंपन्यांत घालणारे) आपोआप पुढे येतील. ऐकायला बरं वाटतं, पण हे इस्रायलने करून बघितलंय आणि ते फसलं. १९९२ मध्ये त्यांनी इन्बाल नावाची योजना काढली, फंडाच्या पैशाला ७० टक्क्यांपर्यंत सरकारी हमी, फंड शेअर बाजारात लिस्टेड. झालं काय, तर कागदपत्रं आणि सरकारी देखरेख वाढली आणि फंड चालवणाऱ्याला जीव तोडून कंपनी उभी करायचं काही कारणच उरलं नाही, कारण बुडालं तरी फार काही जात नव्हतं.

मग १९९३ ला योझ्मा ही दुसरी सरकारी योजना आली, एकूण १० कोटी डॉलर, आणि तिचा हिशेब बरोब्बर उलटा. समजा २ कोटी डॉलरचा फंड आहे, तर त्यात सरकार ८० लाख टाकणार, बाकीचे तुम्ही आणा, आणि सोबत परदेशातला मुरलेला व्हीसी पार्टनर हवाच (माझ्या मते खरी मेख इथे आहे, पैसा काय कुठूनही येतो, पण पैसे मागायला आलेल्या कुठल्या पोराला नाही म्हणायचं हे शिकवणारा माणूस लागतो). बुडालं तर तुमचंही बुडणार, हमीबिमी काही नाही. पण चाललं तर पाच वर्षांच्या आत सरकारचा हिस्सा मूळ रक्कम अधिक व्याज अशा ठरलेल्या भावात तुम्ही विकत घ्यायचा, वरची मलई तुमची. दहापैकी आठ फंडांनी तो घेतलासुद्धा. त्यामुळे हमी मागण्यापेक्षा सरकारचा हिस्सा ठरल्या भावात विकत घ्यायचा हा बायआउटचा क्लॉज मागा की राव.