मारुती जिम्नीमागच्या ट्रेलरला सरळ अ‍ॅक्सलच बरा

जुन्या जीपचा मागचा अ‍ॅक्सल भंगारात स्वस्त मिळतोय म्हणून तोच लावू नका. त्याच्या मधोमध डिफरन्शियल असतो, म्हणजे इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणारे गिअर; ट्रेलरला त्याचं काहीच काम नाही. वजन उगाच वाढतं आणि त्याचा मधला गोळा नेमका चाकोऱ्यांमधल्या उंचवट्याला घासतो. चौकोनी पाइपचा सरळ अ‍ॅक्सल करून घ्या, टोकांना स्टब (हब ज्यावर फिरतो तो छोटा दांडा) आणि हब (ज्याला चाक बोल्टने बसतं तो भाग). हबचा पीसीडी, म्हणजे बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, जिम्नीचाच, ५×१३९.७ मिमी, आणि टायरही १९५/८० आर१५; मग एकच स्टेपनी दोन्हीकडे चालते. चाकांमधलं अंतर गाडीच्या मागच्या चाकांइतकं, १४०५ मिमी ठेवा. चिखलात ट्रेलर गाडीच्याच चाकोरीतून येतो, नवी कापत बसत नाही. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) अ‍ॅक्सलच्या वर बसवा, जमिनीपासून उंची मिळते. वेल्डरला मात्र बजावून सांगा, पाइपच्या खालच्या अंगाला, पाइपच्या लांबीला आडवं जाणारं वेल्डिंग अजिबात नको. ताण तिथेच येतो, तडाही तिथूनच जातो.