मदत हवी आहे: बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी डॉक्टर, नर्स, थेरपिस्ट यांची सांगड कशी घालावी? (डिचोली)

डिचोली_केंद्र:
आमच्या दिवसकेंद्रात बौद्धिक अक्षमता असलेले, अठरा वर्षांवरचे लोक येतात. फिटचं औषध जीएमसीतून (बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज), वागणुकीचं आयपीएचबीतून (बांबोळीचंच मनोरुग्णालय), बीपी-साखरेचं गावच्या आरोग्य केंद्रातून. दातांकडे कोणीच बघत नाही. एकाने डोस बदलला की दुसऱ्या डॉक्टरला ते आईच्या तोंडूनच कळतं. महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून आढावा घ्यावा असं ठरतंय, आरोग्य केंद्राचे डॉक्टर तयार आहेत. सुरुवात कशाने करावी? सूत्रं कोणाकडे असावीत?

सिस्टर_म्हापसा:
सूत्रं नर्सकडे द्या. डॉक्टरांची बदली होते, इंटर्न तर सतत बदलतात. मग गट आपोआप विस्कटतो. डॉक्टर सल्ला देतील, पण यादी एकाच नर्सच्या हातात हवी आणि तिच्या रजेत कोण बघणार तेही आधीच लिहून ठेवा.

बैठक एका तासाची. केंद्रातल्या चारच जणांचा आढावा घ्या, प्रत्येकी बारा मिनिटं. उरलेल्या वेळात मागच्या वेळची राहिलेली कामं. प्रत्येक कामापुढे एकच नाव आणि तारीख. ‘टीमने बघावं’ असं लिहिलेलं काम कोणीच करत नाही. बांबोळीच्या डॉक्टरांना डिचोलीला बोलावत बसू नका, त्यांच्याकडून ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटांचा फोन मागा.

सगळ्यांत आधी प्रत्येकाचा एक कागद करा. ब्रिटनमध्ये याला हॉस्पिटल पासपोर्ट म्हणतात आणि माहिती लाल, पिवळ्या, हिरव्या भागांत लिहितात. लाल भागात जिवाशी संबंधित गोष्टी: ॲलर्जी, गिळण्याचा त्रास, फिट कशी येते, किती वेळ टिकते. फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८, आणि डॉक्टरांनी फिट थांबवणारा, नाकातला मिडाझोलाम स्प्रे दिला असेल तर त्याचा डोस. औषधांची यादी डोस, वेळ आणि ‘शेवटचा बदल कोणी, कधी केला’ यासकट. कागदावर तारीख नसेल तर तो नसलेलाच बरा.

वाणी_फोंडा:
पिवळ्या भागात त्या व्यक्तीचा ‘हो’ आणि ‘नाही’ कसा ओळखायचा ते लिहा. घरात कोंकणी असेल तर ती ‘दुखता’ म्हणते, की फक्त कान ओढते? तोच शब्द, तीच खूण जशीच्या तशी लिहा.

जेवताना खोकला, जेवणानंतर ओला घरघरता आवाज, वारंवार न्यूमोनिया: यांतलं एकही दिसलं तर गिळण्याची तपासणी आधी. तोपर्यंत सरळ बसवून, छोट्या चमच्याने, घाई न करता भरवा. काटे असलेलं नुस्तं (मासे) आणि कोरडा पाव बंद. पेजेत शितं आणि पातळ पाणी दोन्ही एकदम तोंडात येतात, ते काहींना अवघड जातं. ती एकजीव करून द्या.

मनोविकार_बांबोळी:
गटाने एक नियम पक्का करावा: वागणूक अचानक बदलली तर आधी शरीर तपासायचं, मानसोपचाराचा डोस नंतर. मारणं, डोकं आपटणं, रात्री न झोपणं यांमागे दाढदुखी, कानातला मळ, ॲसिडिटी, लघवीचा संसर्ग किंवा बद्धकोष्ठ असू शकतो. सगळं ‘अक्षमतेमुळेच’ असं धरलं की हे नजरेतून सुटतं.

बद्धकोष्ठाकडे विशेष लक्ष द्या, त्याने जीवही जातो. अँटिसायकोटिक (मानसोपचाराचं औषध) आणि सोबत त्याच्या दुष्परिणामांवरचं, म्हणजे कंप-ताठरपणावरचं ट्रायहेक्सिफेनिडिल असेल तर आतडी मंदावतात, त्यात हालचाल कमी. शौचाची नोंद दोन आठवडे ठेवा. तीन दिवस शौच नाही आणि मग कपड्यांत पातळ डाग, हे अनेकदा जुलाब नसून अडलेल्या मळाच्या कडेने येणारं पाणी असतं. तेव्हा जुलाब थांबवायची गोळी दिली तर अडथळा वाढतो. इसबगोल पुरेशा पाण्याशिवाय देऊ नका, आणि गिळण्याचा त्रास असेल तर अजिबात नको.

फेनिटॉइनवर (फिटचं औषध) असलेल्याच्या हिरड्या सुजल्या तर दातांच्या डॉक्टरला औषधाचं नाव सांगा. तोल जात असेल तर फिटच्या डॉक्टरला लगेच कळवा. डाऊन सिंड्रोम असेल तर वर्षातून एकदा टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि श्रवणतपासणी. चाल नव्याने बिघडली तर मानेच्या मणक्यातल्या बिघाडाची शंका घ्या.

हक्क_मडगाव:
२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम २५ मध्ये, तपासणी-उपचारांत प्राधान्याची तरतूद आहे. रांगेत थांबवलं तर तिचा आधार घ्या. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा कवच मिळतं. अठरा पूर्ण झाल्यावर पालक आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. जिल्हाधिकारी तिचे प्रमुख असतात. ऑपरेशनची वेळ येण्याआधीच अर्ज करा.

डिचोली_केंद्र:
फार मोलाचं. रक्त काढू न देणाऱ्यांचं काय करावं?

सिस्टर_म्हापसा:
बधिर करणारं क्रीम हातावर एक तास आधी, वर प्लास्टिकची पट्टी. सगळ्या डॉक्टरांच्या तपासण्या आधी गोळा करून एकदाच सुई. खोली शांत, ओळखीचा माणूस जवळ, दिवसातला पहिला नंबर. दातांसाठी भूल द्यावीच लागली तर डेंटल कॉलेजला आधी कळवा, म्हणजे त्याच भुलेत रक्त, कानाची सफाई आणि नखंही उरकता येतील. भूलतज्ज्ञाला फिटची औषधं, गिळण्याचा त्रास आणि डाऊन सिंड्रोम असेल तर मानेची माहिती आठवडाभर आधी पोचवा. सकाळचा फिटचा डोस उपाशीपोटी द्यायचा का, हेही त्यांनाच विचारून लिहून घ्या. तो डोस चुकला तर फिट तिथेच येऊ शकते.