मदत हवी आहे: ग्रँड केमन, स्टिंगरे सिटी आणि गुडघेदुखी

जुलैत मायामीहून निघणारी क्रूझ ग्रँड केमन या कॅरिबियन बेटावर जॉर्जटाउनला थांबणार आहे. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, टेंडर म्हणजे छोट्या बोटीने किनारा गाठावा लागतो. शेवटची टेंडर दुपारी ३ वाजता, तीही जहाजाच्या वेळेनुसार. जहाज मायामीच्या वेळेवर, आणि केमनमध्ये उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, म्हणजे बेटावर तेव्हा २ वाजलेले असतील! मोबाइलने आपोआप बेटाची वेळ धरली की बोट चुकलीच.

सोबत सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. टेंडर लाटांवर वरखाली होताना त्यांना नीट चढता येईल का? स्टिंगरे सिटी म्हणजे समुद्रातला वाळूपट्टा, तिथे स्टिंगरे हे चपटे मासे जवळून बघता येतात. पाणी कमरेएवढंच, पण सहलीच्या बोटीच्या शिडीवरून उतरून पाय घासत चालायचं, नाहीतर माशावर पाय पडतो. सासूबाई या सहलीच्या बोटीतच बसून राहिल्या तर चालतं का? सेव्हन माइल बीच त्यानंतर जमेल?