पुढचं ओळखणारी यंत्रं जुन्या माहितीचं नेमकं काय करतात?

प्रश्न
भाषेचं मॉडेल पुढचा शब्द ओळखतं, हवामानाचं मॉडेल उद्याचा पाऊस. हातात असतं ते फक्त घडून गेलेलं. मग न घडलेलं त्यातून निघतं कसं? ही जुन्याचीच उजळणी तर नाही ना? बारावीपर्यंतचं गणित येतं.

प्रतिसाद १
अंदाज बांधायचा आणि चूक मोजायची, यातून निघतं. मी नियंत्रण प्रणाली शिकवते, सुरुवात काल्मन फिल्टरनेच करते, म्हणजे अंदाज आणि मोजमाप यांचा मेळ घालण्याच्या गणिती पद्धतीने. रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० साली मांडलेली ही पद्धत पुढे अपोलो यानांच्या दिशादर्शनात वापरली गेली. यान पुढच्या क्षणी कुठे असेल हे आधी ठरवायचं, मग मोजमाप घ्यायचं. फरक निघतोच. खरी मेख पुढे आहे: त्या फरकातला किती मान्य करायचा? मोजमाप गढूळ असेल तर अंदाजाला धरून राहायचं, अंदाजच डळमळीत असेल तर मोजमापाकडे झुकायचं. म्हणजे यानाबरोबर स्वतःच्या खात्रीचाही हिशेब ठेवला जातो. मला यातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं. जुनी मोजमापं साठवावीही लागत नाहीत, त्यांचं सार ताज्या अंदाजात उतरलेलं असतं.

प्रतिसाद २
माणूसही हेच करतो. लँड आणि मॅक्लिऑड या संशोधकांनी क्रिकेटच्या फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या (२०००). चेंडू सुटला की नजर उडी मारून टप्प्याच्या जागी आधीच जाऊन थांबते. चांगल्या फलंदाजाची लवकर पोचते.

प्रश्नकर्ता
मॅडम, भाषेचं मॉडेलही चुकीतूनच शिकतं का?

प्रतिसाद १
हो. खऱ्या पुढच्या शब्दाला जितकी कमी शक्यता दिली, तितका दंड मोठा. त्यानुसार आतले आकडे किंचित हलतात. मात्र वापरताना ते आकडे सहसा गोठलेले असतात, काल्मन फिल्टर चालता चालता अंदाज सुधारतो. उजळणीबद्दल म्हणाल, तर आतली रचना पकडली असेल तर कधी न पाहिलेल्या वाक्यालाही ती लागू पडते. हवामानाची अडचण वेगळी. सुरुवातीचा इवलासा फरक पुढे फोफावतो, हे हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६३ साली दाखवलं. म्हणून सुरुवात जराजरा बदलून मॉडेल अनेकदा चालवतात. उत्तरं फाकली की खात्री कमी.

तुम्ही एका मितीतला काल्मन फिल्टर कागदावर सोडवाच, बारावीचं गणित पुरतं. कुठे अडलात तर इथेच लिहा.